हरलेल्यांचा चहा

दुबईहून परत आलेल्या माणसाला आमच्या गल्लीत पहिला प्रश्न सोन्याचा विचारतात आणि दुसरा त्या आभाळाला टेकलेल्या इमारतीचा. दोन्ही बाबतींत मी निराशा केली. सोन्याच्या बाजारातून मी रिकाम्या हाताने बाहेर आले, आणि इमारतीचं टोक त्या दिवशी धुक्यात होतं. तिकीट काढून वर गेलेले लोक खाली येऊन सांगत होते की वरून काहीच दिसलं नाही. मला खालून काही दिसलं नाही, ते त्या मानाने स्वस्तात पडलं.

पण एक गोष्ट मी तिथून घेऊन आले आहे. ती एका स्कॉटिश माणसाची आहे, आमच्या कोल्हापूरकडच्या पोरांची आहे, आणि थोडी माझ्या वडिलांची. आबा कोल्हापुरात फुटबॉलचे पंच होते. बाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते: आमच्या गावात फुटबॉलवर पेठेची अब्रू टांगलेली असते. एकेका तालमीचा एकेक संघ, आणि संघ हरला की दुसऱ्या दिवशी त्या पेठेत दूधवालासुद्धा हळू आवाजात हाक मारतो. अशा गावात आबांनी जन्मभर शिट्टी वाजवली आणि तरी म्हातारे होऊन घरच्या अंथरुणात गेले, याचं जुन्या लोकांना अजून नवल वाटतं.

शारजा, रोल्ला

अभिजित माझ्या भावाचा मुलगा. नोकरी दुबईत, देऱ्यातल्या एका ट्रेडिंग कंपनीत, आणि राहणं शारजात, रोल्ल्यातल्या एका जुन्या इमारतीत. बायको केतकी पुण्याची. मुलगा नील तिथेच जन्मलेला, त्यामुळे त्याला मराठी सगळं कळतं आणि उत्तर इंग्रजीत येतं. आमच्या यजमानांना विमानाची धास्ती, म्हणून मी एकटीच निघाले.

निघण्याआधी अभिने तीन-चारदा फोन केला तो एकाच विषयावर. "आत्या, काहीही आण, पण खसखस आणू नको. इकडे ती ड्रगमध्ये धरतात. जोक नाहीये."

आता कोल्हापूरच्या बाईने पांढऱ्या रश्शाचा मसाला न्यायचा आणि खसखस न्यायची नाही, म्हणजे काय करायचं? मी डबा घासला, पुसला, उन्हात ठेवला, पुन्हा घासला. विमानतळावर त्या पांढऱ्या झग्यातल्या तरुण अधिकाऱ्याने माझ्या बॅगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मीच त्याच्याकडे चोरट्यासारखी बघत पुढे सरकले.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी काजू, तीळ आणि नारळ वाटून रस्सा केला. बरा झाला होता. बरा म्हणजे बराच बरा, पण आपला नव्हे. जेवायला अभिचा सगळा संघ आला होता. कोल्हापूर, सांगली, कागल, गडहिंग्लज इथली ही पोरं, कोणी वेअरहाऊसमध्ये, कोणी ऑफिसात, कोणी गॅरेजमध्ये. संघाचं नाव त्यांनी 'तांबडा-पांढरा' ठेवलंय आणि जर्सी अर्धी लाल, अर्धी पांढरी. अभि त्यांचा सेक्रेटरी. इतर देशांच्या लोकांना हे रंग कशाचे ते सांगताना त्यांची फार दमछाक होते म्हणे.

त्यांच्यातला गोल करणारा गडी म्हणजे सन्या. गडहिंग्लजचा, दुबईतल्या रास अल खोरच्या एका गॅरेजात गाड्यांना रंग मारतो. त्याने तिसऱ्यांदा रस्सा घेताना मला सांगितलं, "आत्या, रविवारची मॅच नुसती ड्रॉ झाली तरी आम्ही वरच्या ग्रुपात. पहिल्यांदाच. मग तुम्ही खसखस नसली तरी परत करायचा हा रस्सा."

"इट्स जस्ट सूप," नील म्हणाला. बारा-तेरा माणसं एकाच वेळी त्याच्याकडे बघायला लागली, तेव्हा तो टेबलाखाली गेला.

रोल्ला मला आवडलं. ज्याला परदेश म्हणावं असं तिथे काही नाही. खाली कापडाची, घड्याळांची, मोबाईलची दुकानं, मधोमध मोठी बाग, आणि सुट्टीच्या दिवशी बागेत गवतावर बसलेले हजारो पुरुष. बायका कमी. ते काही करत नाहीत, नुसते बसतात, फोनवर गावाशी बोलतात. मी दुपारी बाल्कनीत बसायचे आणि तो गुणगुणाट ऐकत डुलकी लागायची. झोपेत त्यातले शब्द मराठी व्हायचे. जागी झाले की पुन्हा मल्याळी, बंगाली, पश्तो. कितीदा तरी मला वाटलं की खाली आईच हाक मारते आहे, आणि ते खोटं आहे हे कळायला चहा होईपर्यंत वेळ लागायचा. चहा खालच्या कॅफेटेरियातून यायचा, मोईदूभाईंच्या. मोईदूभाई मलबारकडचे. कडक उकळलेला, वेलची घातलेला त्यांचा करक चहा मी रोज पीत होते आणि रोज म्हणत होते की जास्त होतोय.

देरा

एके दिवशी अभिने मला ऑफिसला नेलं. ऑफिस बघून झालं पाच मिनिटांत. उरलेला दिवस मी खाडीकाठी काढला. तिथे लाकडी गलबतं लागतात, आणि धक्क्यावर फ्रीज, टायर, कांद्याची पोती, गाद्या असं सगळं उघड्यावर पडलेलं असतं. कोणी चोरत नाही. एका खलाशाने मला विचारलं, "अम्मा, कहाँ जाना है?" मी म्हटलं, कहीं नहीं. त्याने मान हलवली आणि मला बसायला एक गादी दाखवली. इराणला निघालेल्या त्या गादीवर मी तासभर बसले असेन.

संध्याकाळी अभि आला आणि आम्ही पलीकडे जायला अब्रा धरली. अब्रा म्हणजे छोटी लाकडी होडी. मधे एक लांब बाक, आणि त्यावर लोक दोन्ही बाजूंना पाण्याकडे तोंड करून बसतात, म्हणजे एकमेकांच्या पाठीला पाठ लागते. भाडं एक दिरहॅम. "चोवीस रुपये, आत्या," अभिने मी विचारायच्या आत सांगितलं.

आम्ही बसलो आणि एक उंच, लालबुंद, साठीतला गोरा माणूस होडीत उतरला. अभिला बघून त्याने मान लववली, आणि बाकाला वळसा घालून पलीकडे, आमच्याकडे पाठ करून बसला.

"ते ग्रेगर," अभि हळूच म्हणाला. "आपल्या लीगचे रेफ्री. रविवारी आमची मॅच त्यांच्याकडे आहे, म्हणून जवळ बसणार नाहीत. कोणी बघितलं तर बोलतील ना."

सामन्याच्या आठवड्यात आबा रस्ता बदलायचे. समोरून तालमीचा कोणी आला की दुसऱ्या बाजूच्या फुटपाथवर जायचे, मग तो सख्खा चुलतभाऊ का असेना. पाण्यावर ऊन उतरलं होतं, डोक्यावर पांढरे पक्षी होते, आणि माझ्या पाठीला लागून एक परका माणूस अगदी आबांसारखा वागत होता.

मी न वळता इंग्रजीत म्हटलं, "माझे वडील पंच होते." बँकेत काउंटरवर नोकरी झाली, त्यामुळे माझं इंग्रजी कामापुरतं बरं आहे.

मग पाठीमागून उत्तर आलं, "क्रिकेटचे?"

"फुटबॉलचे."

तो वळला असावा, कारण बाक हलला. पण लगेच पुन्हा पूर्ववत बसला. तुम्ही काही सेक्रेटरी नाही, तेव्हा तुमच्याशी बोलायला हरकत नसावी, असं त्याने स्वतःलाच सांगितल्यासारखं सांगितलं. मग आम्ही पाठीला पाठ लावून बोललो. पलीकडच्या काठाला उतरलो नाही, त्याच होडीने परत आलो, आणि बोलतच राहिलो. अभि फोनमध्ये तोंड घालून बसला होता.

ग्रेगरचं गाव स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर. मासेमारीचं छोटं गाव, आणि त्या गावाचा शंभराहून जास्त वर्षांचा क्लब. एका वर्षी क्लब एका मोठ्या स्पर्धेत पुष्कळ पुढे गेला. अध्यक्षाला वाटलं, आता आपले दिवस आले. त्याने प्रेक्षकांसाठी मोठी गॅलरी बांधायला काढली. पुढच्या वर्षी संघ हरू लागला, आणि कर्ज फेडायला मैदान विकायचं ठरलं. सभासदांची सभा झाली. अध्यक्ष म्हणाला, नवं मैदान घेऊ, याहून चांगलं.

"आणि लोकांनी ऐकलं?" मी विचारलं.

"सगळ्यांनी हात वर केले. मीही केला." तो म्हणाला. "आता तिथे घरं आहेत. मधल्या वर्तुळाच्या जागी कोणाचं तरी स्वयंपाकघर आहे. नवं मैदान कधी झालंच नाही."

त्याच्या मते हे एकट्या त्याच्या गावाचं झालं नव्हतं. एके काळी ज्याच्या खेळाडूंची नावं जगभर घ्यायचे, त्या देशात आता दोन बड्या क्लबांशिवाय कोणाला विचारत नाहीत. छोटे क्लब कोणीतरी पैसेवाला येईल म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेत. आणि पंच तर कोणी होतच नाही. दर आठवड्याला शिव्या, कट केल्याचे आरोप, मुलाबाळांना शाळेत टोमणे. मग जे थोडे येतात त्यांना कच्चेच वरच्या सामन्यांना उभे करतात. ते चुकतात. मग शिव्या वाढतात. "तिकडे पंच होतो तेव्हा मला मागच्या दाराने बाहेर काढायचे," तो म्हणाला, "पोलिसाच्या गाडीतून. आणि सामन्यानंतर बोलायचं नाही हा नियम. चुकलो असं वाटलं तरी ते घरी जाऊन भिंतीला सांगायचं."

बायको गेल्यावर तो इकडे आला. रास अल खोरच्या वेअरहाऊसमधल्या क्रेन तपासण्याचं काम करतो. "आठवडाभर लोखंडाबरोबर असतो," तो म्हणाला. "रविवारी बावीस माणसं माझ्याशी बोलतात. ओरडून का होईना."

काठ आला. तो आमच्या आधी उतरला आणि मागे न बघता गर्दीत गेला.

रास अल खोर

हिवाळ्यात तिथे सकाळी धुकं पडतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वाळवंटात धुकं कसं असेल? पण रविवारी पहाटे निघालो तर रस्ता गायब. अभि गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवत होता. एका वळणावर खाडीचा उथळ भाग लागतो, तिथे रोहित पक्षी उतरतात. धुक्यात पक्षी दिसत नव्हते, नुसता गुलाबी रंग दिसत होता, जागोजागी, जमिनीपासून थोडा वर. मी नीलला दाखवलं. तो झोपेतच म्हणाला, "दे आर रिअल, आजी." मला तेवढी खात्री नव्हती.

मैदान म्हणजे दोन गोदामांच्या मधे घातलेलं हिरवं प्लास्टिकचं गवत. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नव्हतं. विरुद्ध संघ सुदानी पोरांचा, सगळे उंच आणि अदबशीर. ग्रेगर मैदानाच्या बरोबर मध्यावर एकटाच उभा होता. पंचाला मध्यावरून दोन्ही गोल दिसले पाहिजेत, तेव्हाच खेळ सुरू करायचा. तो वाट बघत होता. हात मागे, चेहरा वर. मला वाटलं, याला थंडी वाजत असेल. पण तसं काही दिसत नव्हतं. तो कुठेतरी गेलेला दिसत होता.

मीही गेलेच होते. खुर्चीत शाल गुंडाळून बसले होते, आणि त्या पांढऱ्या पडद्याआड आमच्या गावचं मैदान असेल, गॅलरीत बायकांच्या बाजूला आईने जागा धरली असेल, असं काहीबाही मनात येत होतं.

शिट्टी वाजली. धुक्यातला सामना म्हणजे ऐकायचा सामना. चेंडूचा धप्प आवाज, मराठी शिव्या, अरबी हाका, आणि मधूनच एखादा लाल-पांढरा गडी पडद्यातून बाहेर येऊन पुन्हा आत. सुदानी पोरांनी पहिल्या अर्ध्यात गोल केला. तो आम्हाला त्यांच्या नाचण्यावरून कळला.

शेवट जवळ आला तेव्हा धुकं पुन्हा दाटलं होतं. सन्या उजवीकडून सुटला. त्याने मारलेला फटका मी ऐकला, आणि मग त्याचा आवाज ऐकला, आनंदाचा, लहान पोरासारखा. आमची सगळी बाजू उठली. पण ग्रेगर पोहोचला तेव्हा चेंडू गोलच्या मागे, भिंतीपाशी पडलेला होता. त्याने बाहेर गेल्याची खूण केली. गोल नाही. लाइनवर झेंडा धरायला आमचाच कागलचा एक पोरगा होता, तोही पलीकडच्या टोकाला. त्याला काय दिसणार?

एक-शून्य. खेळ संपला, आणि मग सन्याने सगळ्यांना ओढत त्या गोलपाशी नेलं. जाळीला बाजूच्या खांबाजवळ भोक होतं. चेंडू आत गेला होता आणि त्या भोकातून बाहेर पडला होता.

तिथे जे बोलणं झालं ते मी लिहीत नाही. अभि, जो घरी आवाज चढवत नाही, तो म्हणाला, "खलास. आता कम्प्लेंट जाणार. अजून दोन क्लब रेडीच आहेत. शनिवारी संध्याकाळी कमिटी आहे, व्होटिंग घेऊ, याला काढून टाकू." सामन्याआधी दोन्ही जाळ्या हाताने तपासणं हे पंचाचं काम. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि मला तर लहानपणापासून.

सगळे गाड्यांकडे गेल्यावर मी मैदानात गेले. ग्रेगर त्या जाळीपाशी उभा होता, भोकात बोटं घालून.

मी त्याला आमच्या पेठांतली एक रीत सांगितली. सगळ्या गावात होती असं म्हणणार नाही, पण आबांच्या वेळचे पंच ती पाळायचे. निकाल वादाचा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पंचाने हरलेल्या तालमीच्या कट्ट्यावर जायचं. ते त्याला चहा देणार, काठोकाठ. ग्लास रिकामा होईपर्यंत पंचाने एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी वाटेल ते बोलायचं. ग्लास संपला की पंच बोलणार आणि ते गप्प बसणार. मग उठायचं. ते झालं की त्या सामन्याबद्दल कोणी काही काढायचं नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "तुमचे वडील वेडे होते," तो म्हणाला.

"होते."

"आणि एकटे जायचे?"

"मला हाताला धरून न्यायचे. फार वर्षांनी आई म्हणाली, लहान मुलगी बरोबर असली की कोणी हात उचलत नाही, म्हणून नेत होते."

तो खूप दिवसांनी हसल्यासारखा हसला. मग हसणं गेलं. "मला कोण नेणार?" तो म्हणाला.

मी म्हटलं, मी येते.

पुन्हा रोल्ला

दुसऱ्या दिवशी सोमवार, सगळ्यांच्या ड्यूट्या, त्यामुळे चहा शनिवारी सकाळवर गेला. कमिटीची बैठक त्याच संध्याकाळी होती. पोरांना तयार करणं म्हणजे दुसरा सामनाच होता.

"आत्या, इथे तालीम-बिलीम काही नाही," अभि म्हणाला. "इथे मेल टाकतात. प्रोसेस असते."

"मेलला चहा पाजता येतो का?" मी विचारलं.

सन्याने तर साफ नकार दिला. "माझा गोल होता, आत्या. मी त्याचं तोंड बघणार नाही."

"मग त्याला शिव्या कोण देणार? हे ऑफिसातले? त्यांना तरी नीट येतात का?"

मग शनिवारी येतो म्हणाला.

शनिवारी सकाळी मोईदूभाईंच्या कॅफेटेरियासमोर फुटपाथवर टेबलं जोडून सगळे बसले. मी ग्रेगरला कोपऱ्यावरून आणायला गेले. इस्त्रीचा शर्ट, चेहरा पांढरा. माझ्या दंडाला त्याने अगदी अलगद हात लावला होता, लागला न लागलासा. तो मला धरतोय की मी त्याला, हे बघणाऱ्याला कळलं नसतं. मला एकदम सहा-सात वर्षांची झाल्यासारखं वाटलं, आणि भीतीही तीच, जुनी.

त्याला मधली खुर्ची दिली. मोईदूभाईंनी काठोकाठ भरलेला ग्लास आणून ठेवला. पोरांनी सुरुवात केली. हिंदीत, इंग्रजीत, आणि नेमकं बोलायचं ते मराठीत. जाळीबद्दल बोलले, धुक्याबद्दल बोलले, वर्षभरातल्या प्रत्येक ऑफसाइडबद्दल बोलले. अभिने 'प्रोफेशनल नेग्लिजन्स' असा शब्द वापरला. ग्रेगर एकेकाच्या तोंडाकडे बघत घोट घेत होता. चहा उकळता, आणि साखर त्याला चालत नसावी हे दिसत होतं, पण पीत होता.

आणि इथे एक घोटाळा झाला. मोईदूभाईंच्या टेबलावर आजवर गोरा साहेब बसला नव्हता. त्यात पोरांनी टेबलं जोडलेली, म्हणजे मोठा पाहुणा. ग्लास अर्धा झाला की ते किटली घेऊन मागून यायचे आणि पुन्हा काठोकाठ भरून जायचे. रीत त्यांना कोण सांगणार? पाहुण्याचा ग्लास खाली होऊ देणं त्यांच्या लेखी वाईट. ग्रेगरने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, नाही, अजून बोलता येणार नाही. तो पुन्हा पिऊ लागला.

दुसऱ्या भरणीनंतर पोरांचं बोलणं संपत आलं. कागलचा पोरगा तेच पुन्हा बोलला, तर सांगलीचा म्हणाला, हे झालंय की. तिसऱ्यांदा ग्लास भरला तेव्हा टेबलावर कोणीच बोलत नव्हतं. बागेतला गुणगुणाट ऐकू येत होता. बारा माणसं एका माणसाला चहा पिताना बघत होती. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. राग धरून बसायलाही काहीतरी बोलणं लागतं, आणि यांचं बोलणं संपलं होतं.

मोईदूभाई पुन्हा किटली घेऊन आले. सन्या आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. त्याने हात लांब करून ग्लासावर पालथा पंजा ठेवला. त्याच्या नखांत निळा रंग होता.

"बस, मोईदूभाई," तो म्हणाला. "आता त्यांना बोलू दे."

ग्रेगरने उरलेला घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, धुक्याचं कारण सांगेल.

"मी एकच जाळी तपासली," तो म्हणाला. "दुसरीकडे जात होतो. मध्यावर आलो आणि थांबलो. आमच्या गावात समुद्रावरून असंच धुकं येतं. घरं दिसेनाशी होतात. मला वाटलं, ती नवी घरं गेलीत आणि मी आमच्या मैदानावर उभा आहे. मला तिथून हलवेना. मग धुकं जरा विरळ झालं, घड्याळ बघितलं, आणि शिट्टी वाजवली." तो सन्याकडे वळला. "तो गोल होता. माझ्यामुळे गेला. हे मला कुणासमोर म्हणायचं होतं."

मी ते सन्याला मराठीत सांगणार होते, पण त्याला कळलं होतं. 

"मला पण," तो आपल्या नखांकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी बॉल मारला ना, तेव्हा धुक्यात गावाकडचं, एम. आर. हायस्कूलचं ग्राउंडच वाटलं. वडील, आमचे अण्णा, बाहेर सायकल घेऊन उभे असतील असं वाटलं." मग हिंदीत ग्रेगरला विचारलं, "आपके गाँव में अभी भी कोई खेलता है?"

अभिने ते इंग्रजीत सांगितलं. ग्रेगर म्हणाला, लहान मुलं खेळतात, समुद्राच्या ओहोटीत, वाळूवर.

कोणी हात मिळवले नाहीत, मिठ्या मारल्या नाहीत. रीत तशी नाहीच. उठायचं असतं, ते उठले. चहाचे पैसे मोईदूभाईंनी घेतले नाहीत.

संध्याकाळी अभि कमिटीला गेला. निकालाची तक्रार त्याने मागे घेतली नाही. ती नियमात बसली नाही आणि 'तांबडा-पांढरा' खालच्याच ग्रुपात राहिला. मग ग्रेगरला काढण्यावर मतं घेतली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या आणि अभिचं मत राहिलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. ठेवला." तो बूट काढत होता. "पण आत्या, दुसरा कोणी रेफ्री मिळत नाही हे पण रीझन आहे. इमोशनल वगैरे काही नाही."

"नाही, नाही," मी म्हटलं.

निघताना

माझं विमान त्यानंतर आठ दिवसांनी, रविवारी होतं. आदल्या संध्याकाळी पोरांचा नेपाळी पोरांशी सामना होता, तोही ग्रेगरकडेच. दिव्यांचा लखलखाट होता, धुक्याचं नाव नव्हतं. खेळ सुरू होण्याआधी तो दोन्ही गोलांपाशी गेला आणि जाळीच्या एकेका घरात बोट घालत खालपर्यंत आला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी सेक्रेटरीच्या घरची माणूस ना. शेवटच्या मिनिटांत त्याने आम्हाला पेनल्टी दिली. खरं सांगायचं तर मला ती पेनल्टी वाटली नाही. सन्याने गोल केला, आम्ही जिंकलो, नेपाळी पोरं रागाने लाल झाली, आणि आमच्यातला एकही माणूस नियमांबद्दल काही बोलला नाही.

रविवारी सकाळी बॅग भरून झाली आणि केतकीसाठी वेलची घ्यायला मी खाली उतरले. इतक्या दिवसांत ग्रेगरचा नीट निरोप घ्यायचा राहिला होता. फोन करावा का, काय बोलावं, असं मनात चाललं होतं.

मोईदूभाईंच्या समोर टेबलं जोडलेली होती. आठ-दहा नेपाळी पोरं, सगळी एकदम बोलत होती, एक जण तर उभा राहून हातवारे करत होता. मधल्या खुर्चीत ग्रेगर, इस्त्रीचा शर्ट, समोर काठोकाठ भरलेला ग्लास. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्याला कोणी आणलं नव्हतं. तो एकटा आला होता.

मी रस्त्याच्या पलीकडे थांबले. त्याने मला पाहिलं. मला वाटलं, हाक मारेल. पण ग्लास भरलेला होता. त्याने तो टेबलावरून थोडा वर उचलला, माझ्याकडे करून, आणि मग ओठांना लावला.

मोईदूभाई किटली घेऊन निघालेच होते. मी लांबूनच त्यांना हाताने थांबायची खूण केली.